भाऊसाहेब, चूक फॉर्म १६ मध्ये नाही

२०२५ चा जून. माझ्या मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर फॉर्म १६ ची पीडीएफ पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "कर जरा जास्त गेलाय का रे? बघतोस?" ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोकरी १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेरची. दर महिन्याला तिच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार आपले चौदा टक्के घालतं आणि दोन्ही तिच्या प्रान खात्यावर, म्हणजे कायम निवृत्ती खात्यावर, जमा होतात. योजनेचं नाव एनपीएस होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिक्षकांच्या बोलण्यात ही कपात अजून ‘डीसीपीएस’चीच.

तिचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी थोडे गोल करून सांगतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ९० हजार, घरभाडं वगैरे ६ हजार. वर्षाचे ११,५२,००० रुपये. शिवाय ९० हजारांवर सरकारचा चौदा टक्के हिस्सा, वर्षाला १,५१,२००. हा पैसा ताईच्या हातात कधी येत नाही. तरीही आयकर कायदा तो आधी तिच्या पगारात धरतो, कलम १७(१) खाली, आणि मग कलम ८०सीसीडी(२) खाली तेवढाच वजा करतो. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. ताईच्या फॉर्म १६ वर पुढचं दार सताड उघडं होतं. एकूण पगार १३,०३,२०० दिसत होता. मागच्या दाराच्या रकान्यात मात्र शून्य.

नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर तिचं करपात्र उत्पन्न ठरलं १२,२८,२००, आणि उपकरासह कर कापला गेला ८९,०६६ रुपये. खरं करपात्र उत्पन्न होतं १०,७७,००० आणि खरा कर ६४,०१२. पंचवीस हजार रुपये एका रिकाम्या रकान्यापायी गेले.

नव्या प्रणालीत ही चूक जास्त बोचते, कारण तिथे वजावटी फारशा उरलेल्याच नाहीत. विमा, पीपीएफ, मुलांची फी, कर्मचाऱ्याचे स्वतःचे दहा टक्के, एनपीएसमधले वरचे पन्नास हजार, सगळं गेलं. पगारदाराच्या पेन्शनशी संबंधित एकच मोठी वजावट शिल्लक आहे, मालकाच्या हिश्श्याची. नेमकी तीच राहून जाते. २०२५-२६ चा हिशेब तर आणखी अंगावर येणारा. त्या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. ताईचे आकडे तेच धरले तर बरोबर हिशेबाने कर शून्य, आणि रकाना रिकामा राहिला तर सीमांत सवलत धरूनही २९,३२८.

तर ताई पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेली. तिथले भाऊसाहेब सज्जन होते. "मॅडम, सिस्टीमच तसं काढते," असं आधी म्हणाले, मग कागद पाहून मान डोलावली आणि म्हणाले, "द्या, नवा करून देतो." संध्याकाळपर्यंत एक्सेलमध्ये नवा फॉर्म १६ तयार. रकान्यात १,५१,२००, खाली गोल शिक्का, साहेबांची सही. ताई खूश होऊन घरी आली. त्या कागदाचा उपयोग मात्र काडीचा नव्हता.

फॉर्म १६ हे मुळात प्रतिबिंब आहे. खरी नोंद असते ती कार्यालयाने दर तिमाहीला आयकर खात्याकडे भरलेल्या २४ क्यू या विवरणात. पहिल्या तीन तिमाहींत फक्त किती कर कापला ते जातं. चौथ्या तिमाहीच्या विवरणाला, ज्याची मुदत ३१ मे, ‘ॲनेक्शर २’ नावाचं जोडपत्र असतं आणि त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पॅनसमोर वर्षभराचा पगार, कलमवार वजावटी, निघणारा कर आणि कापलेला कर अशी एक ओळ असते. त्या ओळीवरून खात्याच्या ट्रेसेस संकेतस्थळावर फॉर्म १६ तयार होतो. भाग अ पूर्वीपासून तिथूनच येतो, २०१८-१९ पासून भाग बसुद्धा. आरशावर शाई लावून चेहरा बदलत नाही. खात्याच्या संगणकाला ताईचा शिक्क्याचा कागद दिसतच नव्हता.

म्हणून मागणीची भाषा बदलावी लागते. ‘फॉर्म १६ दुरुस्त करून द्या’ असं म्हटलं की कार्यालय कागद दुरुस्त करतं. म्हणायचं असतं ते, ‘२४ क्यू चं दुरुस्ती विवरण भरा’. आणि आणखी एक गोष्ट हळूच विचारायची: हे विवरण भरतं कोण? नव्वद टक्के ठिकाणी, हा माझा अंदाज, कार्यालयातलं कुणी नाही; तालुक्याच्या गावातला एखादा करसल्लागार. भाऊसाहेब त्याला पगाराची एक्सेल शीट पाठवतात, तो ती सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. त्या शीटमध्ये सरकारी हिश्श्यासाठी स्तंभच नसेल, किंवा एकूण पगारात मिसळलेला असेल आणि वजावटीत नसेल, तर शंभर शिक्षकांची एकच चूक शंभरदा होते. ‘सिस्टीम’ म्हणतात ती बहुतेक वेळा ही शीट असते.

सल्लागाराच्या बाजूने काम अवघड नाही. ट्रेसेसवरून त्या तिमाहीची ‘कॉन्सो फाइल’, म्हणजे भरलेल्या विवरणाची एकत्रित फाइल, मागवायची, त्यात ती ओळ सुधारायची, तपासून पुन्हा चढवायची, प्रक्रिया झाली की नवा फॉर्म १६ उतरवून घ्यायचा. अडतं ते भीतीपोटी. दुरुस्ती केली की नोटीस येईल, दंड बसेल, पैसे आपल्याला परत करावे लागतील. यातलं शेवटचं तर सरळ चूक. जास्तीचा कर सरकारच्या तिजोरीत गेलेला आहे. तो कर्मचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रातून परतावा म्हणून मिळतो, कार्यालयाच्या खिशातून दमडी जात नाही. कर्मचाऱ्याचं करपात्र उत्पन्न कमी करणाऱ्या दुरुस्तीने कार्यालयावर कमी कापणीचं बालंटही येत नाही. उलट चुकीच्या विवरणाबद्दल कायद्यात दंडाची तरतूद आहे, दहा हजारांपासून एक लाखापर्यंत. हे ऐकवायची वेळ सहसा येत नाही, पण माहीत असलेलं बरं.

ताईला मी अर्ज लिहून दिला, पाच ओळींचा. आर्थिक वर्ष, तिमाही, तिचा पॅन, कार्यालयाचा टॅन, कोणत्या कलमासमोर किती रक्कम हवी आणि किती आहे. शेवटी, दुरुस्ती विवरण दाखल करून ट्रेसेसवरचा नवा फॉर्म १६ द्यावा ही विनंती. सोबत बारा महिन्यांच्या पगारपावत्या आणि प्रान खात्याचा व्यवहार उतारा. अर्ज आहरण व संवितरण अधिकाऱ्यांच्या नावे, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का. तोंडी सांगितलेलं काम बदलीबरोबर जातं, आवक क्रमांक मागे राहतो.

उताऱ्यात एक गोची असते ती सांगून ठेवतो. मार्चच्या पगाराची कपात खात्यात एप्रिलमध्ये किंवा त्याही नंतर जमा होते, त्यामुळे उताऱ्यातली वर्षाची बेरीज आणि पगारपावत्यांची बेरीज जुळत नाही. भाऊसाहेबांनी ‘आकडे जुळत नाहीत’ म्हणून अर्ज परत करण्याआधी आपणच महिनावार जुळणी करून जोडावी. ताईने वहीच्या पानावर केली, पुरली.

आता उलटी चूक. काही ठिकाणी सरकारी हिस्सा पगारात धरतच नाहीत, पण ८०सीसीडी(२) ची वजावट मात्र देतात. पुढच्या दाराने आत न आलेला पाहुणा मागच्या दाराने बाहेर. कर कमी कापला जातो, सगळे गप्प बसतात आणि दोन वर्षांनी व्याजासकट मागणी येते, कर्मचाऱ्याच्या नावावर. अशा चुकीबद्दल अर्ज लिहायला कुणाचा हात उचलत नाही, हे मी समजू शकतो. तरीही आपल्या विवरणपत्रात पगार वाढवून दाखवायलाच हवा; कार्यालयाने काय भरलं ही आपली ढाल होत नाही.

आणि इथेच बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट येते. कार्यालयाने दुरुस्ती केली नाही तरी आपण अडून राहत नाही. फॉर्म १६ हा पुरावा आहे, निकाल नव्हे. आपल्या विवरणपत्रात खरा आकडा टाकता येतो, टाकलाच पाहिजे. फार तर खात्याकडून तफावतीबद्दल विचारणा येते. तिला तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि तेव्हा प्रानचा उतारा, पगारपावत्या आणि आवक क्रमांकाचा अर्ज हाताशी असावा. कर कापला पण भरलाच नाही, हा वेगळा आणि गंभीर प्रकार. तिथे १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ कर्मचाऱ्याच्या बाजूने उभं आहे: कापलेला कर पुन्हा त्याच्याकडून मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये यशपाल साहनी प्रकरणात हेच सांगितलं, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ व २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांनाही तशी समज दिली.

निवृत्त झालेल्यांची गत निराळी. त्यांचा ‘मालक’ आता कोषागार, मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय, केंद्राच्या पेन्शनरांसाठी बँक. तिथली ठरलेली चूक अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शन विकण्याची. मूळ पेन्शन ५० हजार, त्यातली चाळीस टक्के विकली तर दरमहा ३० हजार मिळतात आणि महागाई वाढ ५० हजारांवर. करपात्र तेवढंच, मिळालेलं. विकलेले वीस हजार धरून कर कापला जात असेल तर पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होईपर्यंत दरवर्षी जास्त कर जातो. कुटुंबनिवृत्तिवेतनाचं तर पगाराच्या खान्यात जाणंच चूक. ते ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’. त्यावर ७५ हजारांची प्रमाणित वजावट नाही, एकतृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५ हजार, यांतली कमी रक्कम. बँकेने पगाराच्या कलमाखाली कर कापून फॉर्म १६ हातात ठेवला की विधवा आई ७५ हजार वजा करून मोकळी होते.

घाई कुठे करायची तेही सांगतो. सर्वांत स्वस्त वेळ फेब्रुवारी. वर्ष संपायच्या आत चूक सापडली तर कार्यालयाला उरलेल्या महिन्यांत कमी कापून हिशेब बरोबर करता येतो. दुरुस्ती विवरण नाही, परतावा नाही, काही नाही. त्यानंतर मात्र मुदतींकडे लक्ष ठेवावं लागतं. पूर्वी मालकाला दुरुस्ती विवरण कितीही वर्षांनी भरता येई, मग सहा वर्षांची मर्यादा आली, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ती दोन वर्षांवर आली आहे. कलमांचे क्रमांकही त्यात बदलतात, तेव्हा वर लिहिलेले क्रमांक २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी धरा. दोन वर्षं म्हणजे एका भाऊसाहेबांची बदली आणि दुसऱ्यांचं रुजू होणं.

ताईने ऑगस्टमध्ये खऱ्या आकड्यांनी विवरणपत्र भरलं. परतावा दिवाळीच्या आधी आला. कार्यालयाचं दुरुस्ती विवरण जानेवारीत गेलं. नवा फॉर्म १६ घ्यायला ती गेली तेव्हा भाऊसाहेबांनी चहा मागवला, खणातून चालू वर्षाच्या पगाराची शीट काढली आणि तिच्यापुढे सरकवली. "मॅडम, तो डीसीपीएसचा स्तंभ कुठे घालायचा म्हणाला होतात?"