एक, चार, सात

टेबलावर उजव्या हाताची बोटं ठेवा आणि मनात आठ मात्रा मोजा. सावकाश, एकसारख्या. आता टकटक फक्त तीन मात्रांवर करायची: एक, चार आणि सात. म्हणजे तीन, तीन आणि दोन. थांबू नका, फिरवत राहा. चार-पाच आवर्तनं झाली की खांदा आपोआप हलायला लागेल.

आता डावा हात मांडीवर. त्याने एक, तीन, पाच, सात अशी सरळ थाप द्यायची. पहिल्या दोन-तीन वेळा घोटाळा होईल, होऊ दे. एकवर दोन्ही हात भेटतात, चारवर उजवा एकटाच पडतो, पाचवर डावा एकटा, आणि सातवर दोघं पुन्हा गळ्यात गळा घालतात. समोर पियानो नाही, एक सूरही वाजलेला नाही, तरी तुमच्या दोन हातांत अमेरिकेतलं 1900 सालचं रॅगटाइम सुरू झालंय!

पियानोच्या परीक्षांच्या चौथ्या-पाचव्या ग्रेडपर्यंत पोचलेल्या, नोटेशन बऱ्यापैकी वाचता येणाऱ्या माणसाला जॅझच्या जमान्यातलं काही वाजवायचं असेल, तर त्याने सुरुवात कुठून करावी? मला विचाराल तर या एक-चार-सातचा माग काढत जावं. आधी तो उजव्या हातात राहतो, मग डाव्यात उतरतो, आणि शेवटी डाव्या हाताची घडीच विस्कटून टाकतो. या वाटेवर जे तुकडे भेटतात, तेच आणि त्याच क्रमाने शिकावेत.

घरात पेटी असेल तर उघडा. पांढरी एक हा सा धरा आणि वाजवा: रे, कोमल ग, शुद्ध ग, तार सा. ओळखलंत? स्कॉट जॉप्लिनच्या 1902 सालच्या ‘द एंटरटेनर’चा हा मुखडा. पुढे शुद्ध ग आणि तार सा यांचीच जोडी फिरते: ग-सा, ग-सा, ग-सा. आता मात्रा मोजून पाहा, ग कुठे कुठे पडतो? एकवर, चारवर, सातवर! नेमका तोच टेबलावरचा ठेका. तिसऱ्या जोडीतला तार सा आठव्या मात्रेवर येतो आणि तसाच पुढच्या आवर्तनात लांबतो. म्हणजे पुढची सम आली तेव्हा उजव्या हाताने नवा सूर मारलेलाच नाही, सम एकट्या डाव्या हाताने दिली. इतकी साधी, कुणाच्याही तोंडात बसणारी चाल, आणि आत हे यंत्र! मी हे पहिल्यांदा बोटांवर मोजलं तेव्हा परत परत मोजत बसलो होतो.

जॉप्लिनची आई लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची, आणि तिथल्या पियानोवर पोराला बसायला मिळायचं. टेक्सासमधल्या त्यांच्या गावात युलियस वाइस नावाच्या एका जर्मन शिक्षकाने या मुलाचे हात पाहिले आणि त्याला युरोपच्या संगीताची रीत शिकवली. पुढे मिझुरीतल्या सडेलिया या रेल्वेच्या गावी, 1899 साली, जॉन स्टार्क या प्रकाशकाने त्याचा ‘मेपल लीफ रॅग’ छापला. करारात जॉप्लिनला दर प्रतीमागे एक सेंट मिळणार होता. त्या काळात काळ्या संगीतकाराला विक्रीतला वाटा मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट!

‘मेपल लीफ’ मात्र लगेच उचलू नका. त्यात चार फ्लॅट सांभाळायचे आणि डाव्या हाताने लांब उड्याही मारायच्या. ‘एंटरटेनर’ पांढऱ्या एकमध्ये आहे, तो आधी. दोन्हींची बांधणी मात्र एकसारखी: सोळा-सोळा बारांचे चार भाग, आणि तिसऱ्या भागात एक गंमत. आतापर्यंत जो मध्यम होता, तोच अचानक सा होतो! पेटीवाल्याने गाणं चालू असताना पट्टी बदलावी तसं. कान क्षणभर बावरतो आणि मग घर बदलून सुखाने राहायला लागतो.

डाव्या हाताचं काम ऐकायला सोपं, करायला अवघड: खाली खर्जाचा सूर, वर कॉर्ड, पुन्हा खाली, पुन्हा वर. एकट्या पियानोने बँडचा ढोलही व्हायचं आणि बँडचा बासही. एक सप्तक म्हणजे पियानोवर साधारण साडेसोळा सेंटिमीटर. डाव्या हाताला त्याहूनही लांब उड्या माराव्या लागतात, तेही न बघता. अभ्यास असा करा: करंगळीने खर्ज वाजवा, झटकन वर जा, पण कॉर्ड वाजवू नका. पट्ट्यांवर बोटं नुसती टेकवून थांबा. बरोबर पोचलात याची खात्री झाली की मगच दाबा. आठवडाभरात हाताला ते अंतर पाठ होतं. अंधारात घराचा जिना उतरताना पायाला पायरी कळते तसं.

आणि हो, घाई नको. जॉप्लिनने आपल्या कितीतरी रॅग्जवर छापूनच ठेवलं होतं की हे जलद वाजवू नका. कारण उघड आहे. लय वाढली की चारवरचा तो एकटा पडलेला सूर गर्दीत हरवतो.

आता माझा सगळ्यात लाडका तुकडा. 1909 सालचा ‘सोलेस’, जॉप्लिनचाच. मध्यम तयारीच्या वादकाने एकच काही शिकायचं ठरवलं तर मी हा देईन. इथे डाव्या हाताने खाली-वर उड्या मारायचं सोडून दिलंय. पुन्हा आठ मात्रा मोजा आणि या वेळी एक, चार, पाच, सात वाजवा. आपला जुना एक-चार-सात, मध्ये पाचचा टेकू. हा हबानेरा, क्यूबातल्या हवानाहून आलेला ठेका. हवानाची जहाजं न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्याला लागत, आणि साखर-तंबाखूबरोबर चालीही उतरत. त्या चालींच्या मुळाशी गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांचा ताल होता. डब्ल्यू. सी. हँडीच्या 1914 सालच्या ‘सेंट लुईस ब्लूज’मध्येही मधला एक भाग याच ठेक्यावर डोलतो. न्यू ऑर्लिन्सच्या जेली रोल मॉर्टनने तर 1938 साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पियानोवर बसून लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सला वाजवून दाखवलं, की या स्पॅनिश रंगाची फोडणी नसेल तर जॅझला चवच येत नाही.

‘सोलेस’ विलंबित आहे. डावा हात झोपाळ्यासारखा, आणि वर एक उदास, मवाळ चाल. अवघड वाटेल ते एवढंच, की उजव्या हाताला डाव्याच्या ठेक्यात अडकू द्यायचं नाही. त्यासाठी डावा एकटाच वाजवत राहा आणि वरची चाल तोंडाने गा.

इथून न्यू यॉर्क. 1923 साली जेम्स पी. जॉन्सन या पियानोवादकाचं ‘चार्ल्सटन’ आलं आणि सगळं शहर नाचायला लागलं. त्याचा ठेका टेबलावर वाजवायचा? एक आणि चार. बस्स. सातवी मात्रा रिकामी सोडली! आपण तिची वाट बघतो, ती येत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत पाय उचलला जातो. दक्षिण कॅरोलायनातून पोटापाण्यासाठी न्यू यॉर्कला आलेली माणसं ‘जंगल्स कॅसिनो’ नावाच्या ठिकाणी नाचायची. जॉन्सन त्यांच्यासाठी वाजवायचा, आणि हा ठेका त्याने त्यांच्या पावलांतून उचलला. चार्ल्सटन हे त्यांच्याकडच्या बंदराचं नाव. ग्रेड चारच्या हातालाही हा तुकडा झेपतो.

जॉन्सन आणि न्यू यॉर्कच्या इतर पियानोवादकांनी डाव्या हाताला नवीन चाल दिली, तिला ‘स्ट्राइड’ म्हणतात, म्हणजे ढांग. खर्जाला नुसतं सप्तक नाही, तर सापासून वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंतची जोडी. पट्टीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर हे अंतर साधारण 21 सेंटिमीटर भरतं. त्यांच्यातल्या फॅट्स वॉलरचे पंजे तेवढे मोठे होते, आपले नसतात. मग? खालचा सूर किंचित आधी, पेडलवर धरून ठेवायचा, आणि हात वर सरकवून गंधार घ्यायचा. ऐकणाऱ्याला ती जोडी तंतुवाद्य छेडल्यासारखी लागते, आणि कित्येकदा एकदम दाबलेल्या जोडीपेक्षा गोड.

वॉलरचं 1929 सालचं ‘एन्ट मिसबिहेविन’ याच हातासाठी निवडावं. पण छापील पानावर जे आहे ते आणि वॉलरच्या ध्वनिमुद्रिकेत जे आहे ते पडताळून बघाल तर चक्रावून जाल. पान म्हणजे बंदिश. गाणं अजून व्हायचंय. शिवाय पानावर एक मोठी गोष्ट लिहिलेलीच नसते. मात्रेचे दोन अर्धे समान छापलेले असतात, पण वाजवायचे असतात लांब-आखूड, लांब-आखूड: दाऽ-द, दाऽ-द. हाच स्विंग. किती लांब, किती आखूड? ते लयीबरोबर बदलतं. जलद लयीत दोन्ही अर्धे जवळजवळ समान होत जातात. असली गोष्ट कोणता नोटेशनकार लिहिणार? ती ऐकूनच उचलायची, घराण्याची गायकी उचलावी तशी.

हा ढांगेचा हात आपल्या मुंबईतही वाजून गेलाय. शिकागोत नाव कमावलेला टेडी वेदरफर्ड 1930च्या दशकात ताजमहाल हॉटेलात पियानो वाजवत होता. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकून आलेले गोव्याचे वादक त्या काळात मुंबईच्या बँडांत शिरले. त्यांच्यातलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर होता. त्यांच्या ‘अलबेला’ चित्रपटाची 1951 सालची गाणी ऐकताना पाय का थांबत नाहीत, त्याचं एक कारण हे.

आता एक वेगळाच चमत्कार, त्याला ठेक्याशी घेणंदेणं नाही. ब्लूज गाणारी माणसं गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लावतात. गळ्याला ते जमतं, पियानोला कसं जमावं? आपल्या पेटीचीही हीच अडचण. मींड नाही, श्रुती नाही, पट्टी दाबली की जो ठरलेला सूर तोच. मग पियानोवादकांनी काय केलं? काळ्या पट्टीवरच्या कोमल गंधारावरून तेच बोट घसरवून पांढऱ्यावरच्या शुद्ध गंधारावर आणलं. किंवा दोन्ही जवळजवळ एकदमच दाबले. कान दोन्ही सूर ऐकतो आणि मधला, नसलेला सूर स्वतः तयार करतो! ‘एंटरटेनर’च्या मुखड्यात कोमल गंधाराला लागून शुद्ध गंधार आला होता, आठवतंय? त्यातही या घसरणीची चाहूल लागते.

जॉर्ज गर्श्विनच्या 1926 सालच्या तीन प्रेल्यूड्सपैकी दुसरा हा या खेळाचा अर्क आहे. काळी एकच्या मायनरमध्ये, संथ; तो स्वतः त्याला ब्लूजमधली अंगाई म्हणायचा. डावा हात एकाच संथ चालीत येरझारा घालतो आणि उजवा त्यावर अर्धवट वाक्यं बोलतो. मग मध्यभागी अचानक भूमिका बदलतात. चाल डाव्या हातात जाते, खालून, भरदार आवाजात, आणि उजवा साथीला बसतो. ढांगा टाकून टाकून राबलेल्या डाव्या हाताला इथे पहिल्यांदा गायला मिळतं. सूर थोडे, जागा पुष्कळ; सावकाश तयार करण्यासारखं आणि आयुष्यभर पुरण्यासारखं.

आणि शेवटी जॉन्सनचाच ‘कॅरोलायना शाउट’. तो लगेच पूर्ण वाजवता येणार नाही. पण त्याचा पहिला भाग उघडून डाव्या हाताकडे बघाच. इतका वेळ खर्ज-कॉर्ड, खर्ज-कॉर्ड अशी इमाने इतबारे चाललेली जोडी इथे मोडते. खर्ज-खर्ज-कॉर्ड, खर्ज-खर्ज-कॉर्ड, खर्ज-कॉर्ड. मोजा. तीन, तीन, दोन! आपला एक-चार-सात. ‘एंटरटेनर’मध्ये तो उजव्या हातात खेळत होता आणि डावा त्याला सरळ जमीन देत होता. इथे जमीनच हलली.

हा तुकडा त्या काळी कागदाच्या गुंडाळीवरही मिळायचा. स्वयंचलित पियानोला पायपेटीसारखेच पायाने चालवायचे भाते असत. भोकं पाडलेला कागद सरकायचा, भोकातून हवा आत शिरली की त्या जागची झडप उघडायची, आणि कुणीही न दाबता पट्टी खाली जायची. वॉशिंग्टनमध्ये एका मित्राच्या घरी, ‘मेपल लीफ रॅग’ छापला गेला त्याच साली जन्मलेला एक तरुण अशा पियानोसमोर बसला होता. त्याने गुंडाळीची गती अगदी कमी केली. पट्ट्या एकेक करून आपोआप दबत गेल्या, आणि त्या खड्ड्यांत तो आपली बोटं ठेवत गेला. पुढे जॉन्सन वॉशिंग्टनला आला तेव्हा या पोराने त्याचाच ‘शाउट’ त्याला वाजवून दाखवला. पोराचं नाव ड्यूक एलिंग्टन.

तुम्हीही तसंच करा. उजवा हात मांडीवर, मेट्रोनोम साठवर, आणि ‘शाउट’च्या त्या भागातले चार बार फक्त डाव्या हाताने, तोंडाने म्हणत: खर्ज, खर्ज, कॉर्ड.