वाणाबरोबर गेलेली कीड

मैत्रिणींनो, २०२४च्या संक्रांतीला मी ठरवलं, यंदा वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे द्यायचे नाहीत. (डबे कोणाच्या घरात कमी आहेत?) नर्सरीतून एकवीस इवल्या कुंड्या आणल्या. जेड, एकिव्हेरिया, हॉवर्थिया अशी जाड पानांत पाणी साठवणारी झाडं. सक्युलंट म्हणतात ती हीच. आपली कोरफड आणि पानफुटी त्याच पठडीतल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका खूश झाल्या. "अगं, किती गोड!" म्हणत प्रत्येकीनं आपापली कुंडी उचलली, आणि खोटं कशाला सांगू, मीही मनातून जरा फुगलेच.

रथसप्तमी होऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोच समोरच्या वहिनींनी हाक मारली. "तुम्ही दिलेल्या झाडाला कापूस लागलाय बघा." मी म्हटलं, "कुठून तरी उडून आला असेल." दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या आजींनीही तेच सांगितलं, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. आजींच्या खिडकीत जेडचं अठरा वर्षांचं झाड आहे, आजोबांच्या हातचं. आजोबा आता नाहीत. माझी कुंडी आजींनी कौतुकानं त्या झाडाला अगदी खेटून ठेवली होती.

मी शाळेत आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवायला जाते. तिथल्या विज्ञानाच्या बाईंकडून भिंग मागून आणलं आणि वहिनींच्या झाडावर धरलं. तो कापूस हळूहळू चालत होता!

ह्याचं नाव पिठ्या ढेकूण. नावाला घाबरू नका, बिछान्यातल्या ढेकणासारखा हा माणसाला चावत नाही. तीन-चार मिलिमीटरचा लांबट गोल किडा, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखं मेण. सोंड झाडात खुपसून बसतो आणि रस ओढतो. मादी कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिल्लं इतकी बारीक असतात की वाऱ्यानं, आपल्या हातानं, एकमेकांना टेकलेल्या पानांवरून सहज पलीकडे जातात. म्हणजे वाण मी वाटलं आणि कीडही मीच वाटली.

आता तुम्ही म्हणाल, आणताना दिसलं नाही का? नाही दिसलं, कारण मी वरून पाहिलं. हा किडा पानाच्या बेचक्यात, खालच्या पानांच्या आड, जेडच्या पेरापाशी दडतो. कुंडी हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहायला हवी. दुसरी खूण मुंग्यांची. हे किडे साखरेसारखा चिकट पदार्थ टाकतात, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याबदल्यात ह्या किड्यांची राखणही करतात. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली, पान बोटाला चिकट लागलं किंवा त्यावर काजळी धरली, तर शोधायला लागा.

मात्र पांढरं दिसलं की कीडच, असंही नाही हं. भिंग हातात आल्यावर मला जिथेतिथे कीडच दिसू लागली होती. एकिव्हेरियाच्या पानांवर द्राक्षावर असते तशी साय असते. ती त्या झाडाची स्वतःची. मी एका झाडाची पुसून काढली, त्या पानांवर ती परत आली नाही. हॉवर्थियाच्या पानांवरचे पांढरे ठिपके जन्मजात, आणि जेडच्या पानावर मिठासारखे कण दिसतात ते पाण्यातल्या क्षारांचे. टाचणीनं टोकरून पाहा. पिठ्या ढेकूण दाबला की ओला डाग पडतो, ह्या बाकीच्यांचा पडत नाही.

मग उपाय. नुसतं पाणी मारलं तर अंगावरच्या मेणामुळे ते ओघळून जातं. म्हणून औषधाच्या दुकानातून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. कान साफ करायची कापसाची काडी त्यात बुडवून एकेका किड्याला टेकवायची. मेण विरघळतं आणि किडा तिथेच तपकिरी पडतो. काडीनं त्याला उचलून टाकायचं. हे काम सावलीत, आणि गॅस किंवा देवाच्या समईपासून लांब करा, कारण हे पटकन पेट घेतं. आधी एकाच पानाला लावून दोन दिवस थांबायचं. झाडाला सोसलं तर पुढे जायचं.

एकदा करून झाड स्वच्छ दिसलं की आपण हात झटकतो, आणि फसतो ते इथेच. पिशवीतली, बेचक्यातली अंडी वाचलेली असतात. आठवड्याभरात नवी पिल्लं निघतात. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी, एकही किडा दिसत नसला तरी, निदान चार वेळा झाड तपासून काडी फिरवायची. मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी फुल्या मारून ठेवल्या होत्या. आमचे 'हे' विचारायचे, "आज कोणाच्या घरी डॉक्टरीणबाई?" कारण स्पिरिटची बाटली घेऊन मी एकवीस घरं हिंडत होते. नऊ घरी कीड निघाली. दोघींनी मला यायच्या आधीच झाड फेकून दिलं होतं. एकीनं जरा तोंड वाकडं केलं. चूक माझी होती, काय बोलणार!

आजींच्या जेडपाशी मी आणखी एक चूक केली. मोठं झाड, काडीनं कुठवर पुरं पडणार, म्हणून लिटरभर पाण्यात चमचाभर नीम तेल आणि साबणाचे थेंब घालून फवारलं. तेही भर दुपारी, खिडकीत ऊन असताना. तेलानं आणि उन्हानं पानं भाजली. चार दिवसांत ओंजळभर पानं गळली. आजी काही बोलल्या नाहीत. पानं वेचून त्यांनी खिडकीत ओळीनं मांडून ठेवली. मला रात्री झोप लागेना. जेडला तेल-साबणाचं वावडं असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नीम तेल वापरायचंच असेल तर संध्याकाळी, एका फांदीवर पारखून, आणि साय असलेल्या पानांवर तर अजिबातच नाही.

झुरळांचा स्प्रे झाडांवर मारू नका, त्यानंही पानं जळतात. शेतावरची औषधं घरात नकोतच. त्यातली काही झाडाच्या रसात भिनतात, आणि कोरफडीचा गर आपण मुलींच्या केसांना लावतो. तंबाखूचं पाणी पुष्कळजणी सुचवतात. निकोटीन विषच आहे, लहान मुलं असलेल्या घरात मी ते उकळणार नाही.

वरून सगळं ठीक, तरी झाड वाढेना, पानं सुरकुतलेली, असं असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवरही पिठ्या ढेकूण असतात, कुंडीच्या आतल्या कडेला पांढरे पुंजके दिसतात. माती सगळी टाकून द्यायची, मुळं धुवायची, झाड तीन-चार दिवस सावलीत कोरडं ठेवायचं, मग नव्या भुसभुशीत मातीत लावून आठवड्यानं पाणी.

बाकीच्या किडींचं थोडक्यात. मावा एकिव्हेरियाच्या फुलांच्या दांड्यावर येतो, दांडा कापून टाकला की निम्मं काम झालं. खवले कीड देठाला चिकटलेल्या तपकिरी टिकलीसारखी, ती नखानं किंवा जुन्या ब्रशानं खरवडावी लागते. लाल कोळी एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात. झाडाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके पळाले तर तो तोच.

ह्या पिठ्या ढेकणाच्या एका चुलतभावाची गंमत विज्ञानाच्या बाईंनी सांगितली. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीनं लाल रंगासाठी ब्राझीलहून निवडुंगावरचे किडे भारतात आणले. जातच वेगळी निघाली, चांगला रंग काही मिळाला नाही, पण किड्यांनी निवडुंगाची रानंच्या रानं फस्त केली. नको ते पाहुणे हौसेनं आणणारी मी पहिली नाही, एवढंच काय ते समाधान.

आजींच्या जेडची मी सात आठवडे सेवा केली. जूनमध्ये उघड्या फांद्यांवर हिरवे जोड फुटले. खिडकीतल्या गळक्या पानांपैकी पाच रुजली, त्यातलं एक आजींनी मला दिलं. घरी आणून मी ते महिनाभर बाथरूमच्या खिडकीत एकटं ठेवलं. पुढच्या संक्रांतीलाही वाणाला कुंड्याच दिल्या. फक्त आणल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गच्चीवर वेगळ्या मांडल्या, आणि तीन दुकानदाराला परत केल्या.