डोळ्यांची खाज मोजायची कशी?

परागकणांच्या ॲलर्जीने डोळे का खाजतात, हे आपल्याला साधारण ठाऊक आहे. पराग डोळ्याच्या पातळ आवरणावर बसतो, तिथल्या मास्ट पेशी हिस्टामाइन सोडतात, खाज सुटते. चोळलं की ती आणखी वाढते. आज आपण पुढचा प्रश्न घेऊ. या त्रासाने माणसाचं जगणं किती अडलं, ते मोजायचं कसं?

उदाहरण जपानचं घेऊ. तिथे सुगी नावाचा वृक्ष आहे. आपल्या सुगीशी त्याचा काही संबंध नाही! दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडासाठी तिथले डोंगरच्या डोंगर या झाडांनी भरले. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांचे पराग वाऱ्यावर असतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या देशव्यापी पाहणीत १९९८ मध्ये १६.२ टक्के लोकांना ही ॲलर्जी होती. २०१९ मध्ये ३८.८ टक्के.

डॉक्टरांना डोळ्याची लाली दिसते. पण रात्री झोप लागली नाही, वाचवेना, बाहेर जाणंच टाळलं, हे त्यांना कसं दिसणार? त्यासाठी जपानी नेत्रतज्ज्ञांनी प्रश्नावली केली. पहिल्या भागात डोळ्यांची आणि नाकाची लक्षणं, दुसऱ्यात रोजचं जगणं आणि मनःस्थिती यांवर १७ प्रश्न, तिसऱ्यात हसऱ्या ते रडव्या चेहऱ्यांची चित्रं. उत्तराला ० ते ४ गुण. म्हणजे दुसऱ्या भागात जास्तीत जास्त ६८. आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त.

कागदाची अडचण अशी, की तो दवाखान्यात भरला जातो. तोवर पाऊस पडून हवा स्वच्छ झालेली असते आणि रुग्ण आठवून आठवून लिहितो. फोन मात्र त्रासाच्या दिवशी हातातच असतो. टोकियोच्या जुन्तेन्दो विद्यापीठाने २०१८ मध्ये 'ॲलरसर्च' हे ॲप आणलं, ते याच विचाराने. रोजची उत्तरं त्या दिवशीच्या हवेतल्या परागांशी ताडून पाहता येतात.

पण कागदावरचे प्रश्न पडद्यावर आणले म्हणजे काम झालं का? नाही. दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली विश्वसनीयता: त्रास तेवढाच असताना पुन्हा विचारलं, तर उत्तर जवळपास तेच येतं का? दुसरी वैधता: हा आकडा खरंच डोळ्यांचा त्रास मोजतो, की बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा? म्हणून त्याच माणसांकडून कागद आणि फोन दोन्ही भरून घेऊन गुण पडताळतात.

तरी एक प्रश्न उरतोच. ॲप कोण उतरवून घेतो? बहुधा तरुण, आणि ज्याला त्रास आहे तो. घरातल्या आजी या आकड्यात येत नाहीत. शिवाय भाषा आहे. आपल्याकडे डोळा खाजतो, खुपतो आणि चुरचुरतो. या तिन्ही वेगळ्या तक्रारी आहेत. उद्या अशी प्रश्नावली मराठीत आणायची, तर नुसत्या भाषांतरावर भागणार नाही. प्रत्येक शब्द रुग्णांना विचारून पारखावा लागेल. कारण याच आकड्यावर औषधाचा गुण आला की नाही, हे ठरणार आहे.