गोळीबार बघायला का आवडतो?

या मालेत सौंदर्यशास्त्रावर बोलायचं ठरलं, तेव्हा मी कांटपासून सुरुवात करीन अशी संयोजकांची अपेक्षा असावी. कांट कुठे पळून जात नाही. आज मला पोलिसपटांबद्दल बोलायचं आहे. त्यातही असे पोलिसपट, की ज्यांत गोळीबार हाच मुख्य कार्यक्रम असतो आणि कथानक दोन गोळीबारांच्या मधे दम खाण्यापुरतं येतं. चांगली शिकलेली माणसं हे सिनेमे बघतात आणि नंतर जरा ओशाळून म्हणतात, "टाइमपास हो!" ज्या गोष्टीचा आनंदही होतो आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटते, तिथे तत्त्वज्ञानाला काम असतं.

उदाहरण एकच घेऊ, पण नीट घेऊ. दिग्दर्शक हाँगकाँगचा जॉन वू, सिनेमा 'हार्ड बॉइल्ड', साल १९९२. त्याआधी 'अ बेटर टुमॉरो' (१९८६) आणि 'द किलर' (१९८९) या सिनेमांनी वूचं नाव झालं होतं. पण त्यांत आपला जीव गुंततो तो प्रामुख्याने गुन्हेगारांत. इथे मात्र मधोमध पोलीस आहे. इन्स्पेक्टर टकीला. भूमिका चाव युन-फॅटची. हा गृहस्थ फावल्या वेळात जॅझ बारमध्ये क्लॅरिनेट वाजवतो.

सुरुवातीचा प्रसंग एका जुन्या चहाघरातला आहे. हाँगकाँगची हौशी मंडळी आपल्या पाळीव पक्ष्यांचे पिंजरे घेऊन चहाला येत, असा तिकडचा रिवाज. तर सगळीकडे पिंजरे, पक्ष्यांचा किलबिलाट, वाफाळत्या किटल्या. आणि त्या पिंजऱ्यांत लपवलेली पिस्तुलं. मग जे सुरू होतं ते विचारू नका. पिसं, लाकडाच्या ढलप्या, कपबश्या, धूर. टकीला दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येतो. शेवटी स्वयंपाकघरात त्याचा चेहरा पिठाने पांढराफटक झालेला असतो. आपल्या सहकाऱ्याला मारणाऱ्याला तो अगदी जवळून गोळी घालतो आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यावर रक्ताचे शिंतोडे उडतात. रंगवलेला मुखवटाच जणू.

आता यात खरं काय आहे? काहीच नाही. असा गोळीबार कुठल्याही पोलिसाने कधी केलेला नाही. दोन हातांत दोन पिस्तुलं धरून, घसरत घसरत कुणाला नेम साधत नाही. प्रेक्षकालाही हे ठाऊक असतं. मग कशाचा आनंद होतो?

पहिलं उत्तर सोपं आहे आणि आपल्याला जवळचं आहे. हे नृत्य आहे. वू तरुणपणी शॉ ब्रदर्स या कंपनीत चँग चेह या दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकला. चँग चेहचे सिनेमे तलवारबाजीचे. शिष्याने तलवार काढली आणि पिस्तूल दिलं. उडी, गिरकी, मित्रासाठी मरणं हे बाकीचं सगळं ठेवलं. शिवाय त्याला हॉलिवूडच्या संगीतपटांचं वेड. आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात रंगमंचावर शस्त्रं कशी चालवावीत याचे नियम दिले आहेत. त्या रीतींना तो नाव काय देतो, तर 'न्याय'. योगायोग म्हणा, पण पोलिसपटाच्या संदर्भात शब्द मोठा गमतीचा आहे. तोडायचं नाही, भोसकायचं नाही, रक्त सांडायचं नाही; प्रहार फक्त सुचवायचा. ज्यांनी कोकणात रात्री जागून दशावतार पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. मृदंग आणि झांजेच्या तालावर दोन वीर गिरक्या घेतात आणि समोरची आजी श्वास रोखून बघते. वू रक्ताच्या बाबतीत भरताचं ऐकत नाही, हे उघड आहे. पण ताल, पवित्रा, थांबा यांचा हिशेब तोच आहे.

एवढ्यावर मात्र माझं समाधान होत नाही. नुसतं नृत्यच हवं असेल तर पिस्तूल कशाला? डेव्हिड ह्यूमने १७५७ साली शोकांतिकेवर एक निबंध प्रसिद्ध केला. दुःखद गोष्ट बघून सुख का होतं, असा त्याचा प्रश्न. मांडणीच्या सौंदर्याचा जोर इतका असतो, की तो दुःखाचा जोरही आपल्याकडे वळवून घेतो, असं त्याचं उत्तर. छान आहे, पण अर्धंच आहे. गोळीबारात अशी कुठली भावना आहे, जी वळवली जाते? भीती? थोडी. राग? थोडा. मला वाटतं, सगळ्यात जास्त आहे ती एक इच्छा, आणि ती नैतिक इच्छा आहे.

बघा, खऱ्या गोळीबारात वेळ नसतो. काही सेकंदांचा मामला. कोण कुठे होतं, पहिली गोळी कुणाची, समोरच्याच्या हातात काय होतं, हे नंतर चौकशीत जुळवावं लागतं. पुष्कळदा जुळत नाही. वू काय करतो? तो वेळ देतो. पडदा संथ होतो. टकीला वळतो, बघतो, ओळखतो, मग चाप ओढतो. सत्ता आणि शस्त्र ज्याच्या हातात आहे त्या माणसाला विचार करायला वेळ मिळावा, आणि विचार करून त्याने योग्य माणसालाच गोळी घालावी, ही आपली इच्छा तिथे पुरी होते. जगात जी गोष्ट मिळत नाही, ती संथगतीत मिळते. आनंद त्याचा आहे.

आणि वू मोठा का, तर ही इच्छा पुरवत असतानाच तो तिला नख लावतो. सिनेमात दुसरा पोलीस आहे, ॲलन. भूमिका टोनी लिउंग चिउ-वायची. हा गुन्हेगारांच्या टोळीत वेष पालटून घुसलेला आहे. म्हणजे कोण कोणाचा, हे ओळखणंच इथे अवघड. शेवटचा मोठा प्रसंग इस्पितळातला. त्यात एक सलग दृश्य आहे, सुमारे पावणेतीन मिनिटांचं, मधे कुठेही तुकडा न पाडता घेतलेलं. दोघं मार्गिकेतून गोळ्या झाडत जातात, आणि त्या धुमश्चक्रीत ॲलनच्या गोळीने एक पोलीस मरतो. लगेच ते लिफ्टमध्ये शिरतात. दार बंद. ॲलन सुन्न. टकीला त्याला सावरू बघतो. दार उघडतं, पुन्हा गोळीबार. (दार बंद असताना बाहेर कामगारांनी धावपळ करून तीच मार्गिका दुसरा मजला म्हणून सजवली, म्हणून ते सलग घेता आलं.) या दृश्यात तुकडा न पाडणं मला महत्त्वाचं वाटतं. तुकडा पाडला असता तर चूक मागे टाकून पुढे जाता आलं असतं. इथे कॅमेरा सुटका देत नाही. ती चूक त्या दोघांबरोबर लिफ्टमध्ये चढते.

हाच ॲलन प्रत्येक माणूस मारल्यावर कागदाचा एक क्रौंच पक्षी घडी घालून बनवतो. क्रौंच म्हटलं की आपल्याला वाल्मीकी आठवणार. तो संबंध मी जोडत नाही, तुम्हाला जोडायचा तर जोडा. मला त्यातली मोजणी महत्त्वाची वाटते. मारलेल्या प्रत्येकाची नोंद आहे, आणि ती ऋणाच्या बाजूला आहे.

आता मुंबईकडे येतो. हाँगकाँगमध्ये हे सिनेमे गाजले, त्याच दशकात आपल्याकडे 'एन्काउंटर' हा शब्द मराठी झाला. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंच्या तपासासाठी १६ कलमी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत एक अशी आहे, की चकमकीनंतर लगोलग संबंधित अधिकाऱ्यांना बढती किंवा शौर्यपदक देऊ नये. न्यायालयाला हे लिहावं लागलं, याचा अर्थ लक्षात घ्या. मोजणी इथेही होती, पण जमेच्या बाजूला. २००४ साली नाना पाटेकरांचा 'अब तक छप्पन' आला. चांगला सिनेमा आहे, त्यात वूचा थाटमाट नाही. पण शीर्षकच बघा, तो धावफलक आहे. त्या सिनेमाचा नायक त्या आकड्याखाली दबत जातो, हे शेवटपर्यंत बघणाऱ्याला कळतं. लोकांच्या तोंडी मात्र आकडा राहिला.

म्हणून मला टकीलाच्या गिरक्यांची फारशी काळजी वाटत नाही. ते खोटं आहे हे ते ओरडून सांगतात. मला काळजी वाटते ती 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावून येणाऱ्या, साध्या उजेडात, हलत्या कॅमेऱ्याने घेतलेल्या गोळीबाराची. तिथे नृत्य काढून टाकलेलं असतं. पण पोलिसाला अचूक माणूस ओळखायला आलाच, ही खात्री तशीच ठेवलेली असते. वूच्या सिनेमातली जी गोष्ट सर्वांत काल्पनिक, नेमकी तीच तिथे वास्तव म्हणून येते. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चकमकीची बातमी वाचताना चौकशी कशाला हवी, असं आपल्यालाच वाटू लागतं.

वेळ होत आली. एक चिठ्ठी आलेली आहे, ती घेतो. "सर, त्यांच्या पिस्तुलातल्या गोळ्या संपत का नाहीत?" हशा ठीक आहे, पण प्रश्न चांगला आहे. खांडववन जाळताना अर्जुनाला अक्षय्य भाते मिळाले, तेव्हा आपण बाण मोजले नाहीत. वीराची ती जुनी सवलत आहे. पण वू ती सवलत एका ठिकाणी काढून घेतो. गोदामातल्या चकमकीत टकीला आणि ॲलन समोरासमोर येतात. ॲलन पोलीस आहे हे टकीलाला अजून माहीत नाही. तो पिस्तूल रोखतो, चाप ओढतो, आणि नुसता खटका वाजतो. पिस्तूल रिकामं. ॲलनच्या पिस्तुलात गोळ्या आहेत. तो झाडत नाही. तिथून पुढे टकीला त्या माणसाचा चेहरा नीट बघायला लागतो. पुढची चिठ्ठी कुणाची आहे?