लॅपटॉपवर घडते, शेतात चालते

केळीचे टिश्यूकल्चर रोप जळगावच्या प्रयोगशाळेत, बाटलीत, बेताच्या तापमानात वाढते. पण पुढे त्याला रावेर-यावलचे ४५ अंशांचे ऊन सोसायचे असते. म्हणून ते थेट शेतात जात नाही, आधी शेडनेटमध्ये काटक केले जाते. त्याच केळीला ठिबकने पाणी सोडणाऱ्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचेही असेच आहे.

विद्यार्थी अशा प्रकल्पांत वापरतात त्या अर्डुइनो उनो बोर्डावरील चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा असते, तर चालू कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर तिथे मावतच नाही. मग जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी हे रूपांतर लॅपटॉपवर करतो आणि तयार प्रोग्रॅम केबलने चिपमध्ये भरतो. एका यंत्रावर दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम घडवणे म्हणजे ‘क्रॉस-कंपायलेशन’.

छोट्या प्रोग्रॅममध्ये हे सहज जमते. प्रकल्प मोठा झाला की पेच पडतो. लिनक्सच्या गाभ्यासारखे सॉफ्टवेअर घडताना वाटेत काही छोटी साधने आधी बनवावी लागतात आणि ती तिथल्या तिथे चालवून पुढचा कोड तयार होतो. ही साधने चुकून चिपच्या यंत्रभाषेत उतरली, तर लॅपटॉपवर चालतच नाहीत आणि काम अडते. प्रयोगशाळेची अवजारे प्रयोगशाळेतच चालली पाहिजेत, तसेच हे. म्हणून लिनक्सच्या बांधणीत दोन कंपायलर वेगळे नेमलेले असतात: एक घडवणाऱ्या यंत्रासाठी, दुसरा अंतिम यंत्रासाठी. पायथॉन दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी बांधायचे, तर आधी लॅपटॉपवर त्याच आवृत्तीचे चालते पायथॉन लागते.

या पेचातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे ज्या यंत्रावर चालायचे, तिथेच बांधणी करणे. डेबियन प्रकल्प आपली पॅकेजेस प्रामुख्याने अशीच बांधतो. पण त्यासाठी ते यंत्र तेवढे ताकदवान हवे. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर मोठ्या बांधणीला तासन् तास लागतात आणि मेमरीही अपुरी पडू शकते.

बांधणी सुरळीत झाली तरी धोका संपत नाही. समजा, दहा तासांनी, म्हणजे ३६,००० सेकंदांनी, व्हॉल्व्ह बंद करायचा आहे आणि सेकंद मोजायला साधा ‘इंट’ वापरला आहे. लॅपटॉपवर हा आकडा २१४ कोटींच्या पुढे जातो, त्यामुळे चाचणी उत्तम पार पडते. उनोच्या चिपवर मात्र त्याची मर्यादा ३२,७६७ आहे. ९ तास ६ मिनिटे ७ सेकंद झाले की मोजणी सहसा उणे ३२,७६८ वर उलटते. ३६,००० कधी येतच नाही. व्हॉल्व्ह उघडाच राहतो, विहिरीचे पाणी आणि खत वाया जाते. कंपायलरच्या दृष्टीने प्रोग्रॅम बिनचूक असल्यामुळे ही चूक सहज नजरेतून निसटते.

विद्यार्थ्यांनी म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. आकड्याचा आकार कोडमध्ये स्पष्ट लिहावा, म्हणजे १६ बिट की ३२ हे चिपवर सोडायला नको. बांधणीची साधने आणि अंतिम प्रोग्रॅम यांचे कंपायलर वेगळे नोंदवावेत. आणि शेतात लावण्याआधी खऱ्या बोर्डावर, खऱ्या व्हॉल्व्हसह, पाणी जितके तास सोडायचे त्याहून जास्त वेळ चाचणी घ्यावी.