आयटीआय झालं, सोलरच्या कामाला लागलात. पुढे काय?

पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य १ कोटी घरं आहे. म्हणजे कुशल हातांना भरपूर काम! म्हणून हेल्परच्या कामावरच थांबू नका.

☀️ अर्थिंग, डीसी केबलचं क्रिम्पिंग आणि मल्टिमीटर यांवर हात बसवा.

☀️ सावली ओळखायला शिका. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी अख्ख्या रांगेची वीज घटू शकते.

☀️ १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट, हा हिशेब ग्राहकाला समजावता यायला हवा.

☀️ नेट मीटरिंगचा अर्ज स्वतः भरून बघा.

☀️ वायरमन परवाना काढा, सूर्यमित्र प्रशिक्षणाची चौकशी करा.

आणि छतावर सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. शिकत राहा, सुपरवायझर नक्की व्हाल!