इलेक्ट्रॉनिक सही आणि दस्तऐवजांचे साचे

जुन्या मराठी दफ्तरांतील कागद ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना आपले पूर्वज सहीशिक्क्याला किती जपत हें निराळें सांगावयास नको. पुष्कळ सरकारी पत्रांच्या आरंभीं शिक्का असे, आणि मजकूर संपतांच मोर्तब होई. म्हणजे त्या खुणेखालीं कोणीं एखादी ओळ वाढविली तर ती उपरी म्हणून ओळखूं यावी. निरक्षर पाटील महजरावर नांगराची निशाणी करी. ह्या सर्व खटाटोपाचे हेतु दोनच होते: लिहून देणारा कोण हें ठरावें, आणि लिहून दिल्यावर मजकुरांत फेरफार होऊं नये. आज कचेऱ्यांतून जिचा बोलबाला आहे त्या इलेक्ट्रॉनिक सहीचेहि हेतु हेच दोन आहेत. नवीन तें इतकेंच कीं, दस्तऐवज तयार करणें, तो योग्य माणसाकडे नेणें, सही घेणें आणि प्रत जपून ठेवणें हीं चारहि कामें आतां यंत्र आपण होऊन करूं लागलें आहे.

एखाद्या कारखान्यांत १५० नवीन उमेदवार नेमावयाचे आहेत असें समजा. नेमणुकीच्या पत्राचा मजकूर सर्वांना सारखाच. बदलतें तें नांव, हुद्दा, पगार व रुजू होण्याची तारीख. म्हणून प्रथम एक साचा तयार करतात. छापील भाडेचिठ्ठींत रेघा मोकळ्या सोडलेल्या असत, तशा ह्यांतहि मोकळ्या जागा असतात. मात्र येथें प्रत्येक जागेला नांव दिलेलें असतें, आणि सहीच्या जागा अमुक व्यक्तीसाठीं नव्हे, तर भूमिकेसाठीं राखलेल्या असतात. एक उमेदवाराची, एक व्यवस्थापकाची. दुसरीकडे एका तक्त्यांत दर उमेदवारास एक ओळ. यंत्र एकेक ओळ उचलतें, साच्यांतील जागा भरतें, आणि झालेला दस्तऐवज त्या त्या उमेदवाराच्या ईमेलवर धाडतें. त्याची सही झाली कीं तोच दस्तऐवज आपोआप व्यवस्थापकाकडे जातो. कोणी स्वस्थ बसून राहिला तर त्याला स्मरणपत्र जातें. दोन्ही सह्या झाल्या कीं प्रत उभयतांना पोंचते, आणि कागद केव्हां उघडला, सही केव्हां झाली, ह्याची क्षणाक्षणाची नोंदहि तिला जोडलेली असते. २००३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या डॉक्युसाइनपासून आपल्याकडील झोहोपर्यंत अनेक कंपन्यांनीं अशीं साधनें बाजारांत आणलीं आहेत.

मजकूर बदलला नाहीं, हें कशावरून? येथें मोर्तबाचें काम गणित करतें. सबंध दस्तऐवज एका ठराविक रीतीनें घुसळून त्याचा एक आंकडा काढतात. एसएचए-२५६ ह्या प्रचलित रीतींत तो ६४ चिन्हांनीं लिहितात. दहा पानांच्या करारांत एक स्वल्पविराम हालविला तरी हा आंकडा पार बदलून जातो. मग तो एका गुप्त किल्लीनें बांधून टाकतात, व तिच्या जोडीची उघडी किल्ली घेऊन कोणासहि तो ताडून पाहतां येतो. अशा जोडकिल्ल्यांची कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन ह्यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली.

ती गुप्त किल्ली कोणाची, हा मात्र मोठा प्रश्न आहे. पडद्यावर बोटानें नांव काढलें किंवा टंकलिखित केलें, एवढ्यावर भागविणाऱ्या साध्या प्रकारांत शेवटची मोहोर बहुधा साधन चालविणाऱ्या कंपनीची असते. सही करणाराची ओळख केवळ त्याच्या ईमेलावर व नोंदीवर अवलंबून राहते. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें जिला मान्यता दिली, ती डिजिटल सही परवानाधारक संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधारलेली असते. २०१५ पासून आधार व ओटीपी ह्यांच्या योगें करावयाची सहीहि मान्य झाली आहे. म्हणून ओटीपी सांगणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेंच आहे. तो फोनवर मागणारा कितीहि गोड बोलला, तरी त्याला तो देऊं नये.

आतां साच्याच्या स्वभावांत असलेला धोका. कारकुनाच्या हातून एका पत्रांत चूक झाली तर ती एकाच पत्रांत राही. साच्यांतील चूक १५० जणांच्या हातीं एका क्षणांत पडते. तक्त्यांतील पगाराचा रकाना एक ओळ खालीं सरकला, तर प्रत्येकाच्या नांवापुढें शेजाऱ्याचा पगार लागतो, आणि कोणाचें गुपित कोणाला कळावयास नको होतें तेंहि कळतें. सही झाल्यानंतर ही चूक गुपचूप सुधारतां येत नाहीं, मोर्तबच तुटतें. जुना दस्तऐवज उभयतांच्या संमतीनें रद्द करून नवा करावा लागतो. यास्तव जाणते लोक पहिला दस्तऐवज स्वतःच्याच पत्त्यावर धाडून वाचतात, सर्वांत लांब नांवाची व सर्वांत मोठ्या रकमेची ओळ मुद्दाम तपासतात, आणि रकमेच्या जागा सही करणाराला बदलतां येऊं नयेत अशा बंद करून ठेवतात. घेणाराची बाजू ह्याहून नाजूक. पिंवळ्या खुणा थेट सहीच्या जागेवर नेऊन सोडतात, त्यामुळें मधलीं पानें न वाचण्याचा मोह अनावर होतो. नोकरी सोडतांना किती दिवसांची पूर्वसूचना द्यावयाची, ही अट नेमकी त्या मधल्या पानांत असते.

सर्वच लेख ह्या रीतीनें होतात असेंहि नाहीं. मृत्युपत्र व न्यासाचा लेख ह्यांना सदर कायद्यानें वगळलें आहे. वडीलधाऱ्यांनीं मृत्युपत्र ईमेलावर सही करून ठेविलें आणि मुलें निर्धास्त राहिलीं, तर पुढें कोर्टांत निराशा ठरलेली. घर भाड्यानें देणाऱ्यांनींहि सावध असावें. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती झाली नसेल, तर अटींविषयीं भाडेकरू जें म्हणेल तेंच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरतात. साच्यावरून काढलेल्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या म्हणून नोंदणी चुकत नाहीं.

एक बारीक गोष्ट राहिली. असा दस्तऐवज छापून कपाटांत ठेवला कीं काम झालें, अशी पुष्कळांची समजूत आहे. पण छापील कागदावर उरतें तें सहीचें केवळ चित्र. ताडून पाहण्याचा आंकडा व किल्ली मूळ पीडीएफ फाइलींतच असतात. ती फाइल दोन ठिकाणीं जपावी. उघडतांना सहीवर प्रश्नचिन्ह दिसलें तर लगेच घाबरूंहि नये. पुष्कळदां त्याचा अर्थ एवढाच असतो कीं, त्या संगणकाला भारतीय प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची ओळख अद्याप करून दिलेली नाहीं. ती करून दिल्यावर सही पुन्हा तपासली, आणि मजकूर अबाधित असला, तर हिरवी खूण उमटते.